मॉरिशसची माणसं, मॉरिशसचं सरकार आणि १९७२ ची मोजणी

मॉरिशसच्या राज्यघटनेच्या पहिल्या परिशिष्टात एक अजब कलम आहे. त्याचा मतलब असा: देशात हिंदू, मुस्लिम आणि चिनी-मॉरिशियन असे तीन समुदाय आहेत असं मानायचं. ज्या माणसाच्या 'जीवनपद्धती'वरून तो या तिघांपैकी कशातच बसत नाही असं दिसेल, त्याला 'जनरल पॉप्युलेशन' नावाच्या चौथ्या समुदायात धरायचं. कुठल्या समुदायाची माणसं किती, हे सरकारनं शेवटचं मोजलं १९७२ साली. पुढच्या खानेसुमारीपासून तो प्रश्न फॉर्मवरून काढून टाकला. तरी आजही सार्वत्रिक निवडणूक झाली की संसदेतल्या काही जागा त्याच १९७२ च्या आकड्यांवर वाटल्या जातात.

आपल्याकडे मॉरिशस म्हटलं की हनिमूनचं पॅकेज आठवतं. त्या समुद्रकिनाऱ्यांच्या मागे जो देश आहे, त्याचं सरकार कसं चालतं हे समजून घ्यायचं तर आधी तिथे कोण, कुठून आणि कशासाठी आलं हे बघावं लागतं.

देश तसा चिमुकला. सगळी बेटं मिळून २,०४० चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे गोव्याहूनही लहान. माणसं साधारण साडेबारा लाख. मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरात. या बेटावर मूळ रहिवासी असे कुणी नव्हतेच. अरब खलाशांना ते ठाऊक होतं, पोर्तुगीज तिथे थांबून गेले, पण वस्ती केली ती डच लोकांनी १६३८ मध्ये. प्रिन्स मॉरिस या आपल्या राज्यकर्त्याचं नाव त्यांनी बेटाला आधीच, १५९८ मध्ये दिलं होतं. त्यांच्याच काळात डोडो पक्षी संपला. १७१० मध्ये डच निघून गेले आणि १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटावर हक्क सांगितला.

आजच्या मॉरिशसचा पाया फ्रेंचांनी घातला. गव्हर्नर माए द ला बुर्दोने १७३५ मध्ये आला, त्यानं पोर्ट लुई हे बंदर उभं केलं. बांधकामासाठी पाँडिचेरीकडचे तमिळ कारागीर आले. उसाच्या मळ्यांवर आणि गोदीत राबायला मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण शरणागतीच्या करारात कबूल केलं की रहिवाशांचा धर्म, कायदे आणि चालीरीती तशाच राहतील. त्या एका कबुलीचे परिणाम अजून दिसतात. मॉरिशसचा दिवाणी कायदा फ्रेंच नेपोलियन संहितेवर उभा आहे, तर न्यायालयांची पद्धत इंग्रजी आहे. संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी, पण सभासदाला फ्रेंचमध्ये बोलायची मुभा राज्यघटनेनंच दिली आहे. वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच. आणि घरात, बाजारात, बसमध्ये सगळे बोलतात ती क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून तयार झालेली तिथली बोली.

१ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. साठ हजारांहून अधिक गुलाम मोकळे झाले. नुकसानभरपाई मिळाली ती मात्र मळेवाल्यांना, गुलामांना छदामही नाही. मोकळे झालेले लोक साहजिकच मळ्यांकडे पाठ फिरवून गेले, आणि ऊस तर तोडायला हवाच होता. असं होणार याचा अंदाज असल्यानं इंग्रजांनी आधीच भारतातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली होती. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' नावाचं जहाज अशा मजुरांना घेऊन पोर्ट लुईला लागलं. पुढची सात-आठ दशकं ही वाहतूक चालली आणि सुमारे साडेचार लाख माणसं आली. ती जिथे उतरायची ती जागा, आप्रवासी घाट, आज जागतिक वारसा स्थळ आहे. दगडी पायऱ्या, आवार, नोंदणीची कचेरी, न्हाणीघरं. प्रत्येकाला एक नंबर मिळायचा, आणि तिथून त्याची रवानगी कुठल्या ना कुठल्या मळ्यावर.

जहाजं कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून सुटायची. सगळ्यात जास्त माणसं बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, त्यामुळे भोजपुरी सर्वात पसरली. मद्रासकडून तमिळ आणि तेलुगू आले. मुंबईच्या जहाजांत कोकणातले, मुख्यतः रत्नागिरीकडचे लोक होते. व्यापारासाठी गुजराती मुसलमान आले, दक्षिण चीनमधून दुकानदार आले. १८६१ पर्यंत बेटावरचे निम्म्याहून बरेच जास्त लोक भारतीय झाले होते.

आता ते चार कप्पे पुन्हा बघा. 'जनरल पॉप्युलेशन' या एका कप्प्यात मळ्यांच्या फ्रेंच मालकांचे वंशज आहेत आणि त्याच मळ्यांवरच्या आफ्रिकी गुलामांचे वंशजही. दोघे बहुतेक कॅथलिक, एवढंच काय ते साम्य. साखर कारखाने आणि जमिनींचे मोठे हिस्से पहिल्यांच्या हातात राहिले. दुसऱ्यांची, म्हणजे क्रिओल समाजाची, पिढ्यान्‌पिढ्यांची तक्रार अशी की उसातून पैसा गोऱ्यांकडे गेला, सरकारी नोकऱ्या हिंदूंकडे गेल्या, आणि आम्हाला काय उरलं? १९९९ च्या फेब्रुवारीत काया नावाचा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला, तेव्हा हा राग दंगलींच्या रूपानं रस्त्यावर आला होता.

'हिंदू' कप्पाही बाहेरून वाटतो तेवढा एकजिनसी नाही. रोजच्या बोलण्यात तिथे 'हिंदू' म्हणजे भोजपुरी-हिंदीवाले. तमिळ, तेलुगू आणि मराठी स्वतःला वेगळं धरतात. खानेसुमारीत धर्माचा प्रश्न अजूनही असतो, आणि त्याच्या तक्त्यांत 'तमिळ', 'तेलुगू' आणि 'मराठी' ही उत्तरं वेगवेगळी छापलेली दिसतात. म्हणजे धर्म कोणता, तर मराठी! आपल्याला हसू येईल, पण तिकडे त्यात विनोद नाही. मंदिर वेगळं, सण वेगळा, शाळेतली पूर्वजांची भाषा वेगळी, सरकारी अनुदान मिळणारी संस्था वेगळी. हे सगळं वेगळं असेल तर माणूस धर्मही वेगळाच लिहिणार. मराठी लोकसंख्या दोन टक्क्यांच्या आसपास. घरात आता क्रिओलच बोलतात, पण गणेश चतुर्थीची देशभर सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून नाचली जाते. मॉरिशसमधला पहिला गणेशोत्सव १८९६ मध्ये हेन्रिएटा गावात झाला असं सांगतात.

सुट्ट्यांची यादी वाचली तरी या देशाची लोकसंख्या कळते. तमिळांचा थायपूसम कावडी, चिनी नववर्ष, महाशिवरात्र, तेलुगूंचा उगादी, ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी, नाताळ. शिवाय गुलामगिरी संपल्याचा दिवस आणि गिरमिटिया मजूर आल्याचा दिवस. कुणाला काय मिळालं याची मोजदाद इथे किती बारीक असते त्याचा एक नमुना सांगतो. १९९८ मध्ये नव्या नोटा निघाल्या आणि त्यांवर इंग्रजीखाली आधी हिंदी, मग तमिळ अक्षरं आली. पूर्वी तमिळ वर असायची. तमिळ समाज बिथरला, कारण आम्ही इथे सगळ्या भारतीयांच्या आधी, फ्रेंचांच्या काळात आलो, हा त्यांचा मान. शेवटी त्या नोटा मागे घेऊन जुन्या क्रमानं पुन्हा छापाव्या लागल्या.

या पार्श्वभूमीवर स्वातंत्र्याची वेळ आली तेव्हा काय वातावरण असेल, कल्पना करा. १९४८ पर्यंत मतदानाचा हक्क मूठभर मालमत्तावाल्यांना होता. त्या वर्षी नियम बदलला आणि प्रचलित भाषांपैकी कुठल्याही भाषेत साधं लिहिता-वाचता येणाऱ्याला मत मिळालं. समाजसुधारक वासुदेव विष्णुदयाल यांच्या स्वयंसेवकांनी गावोगावच्या 'बैठकां'मध्ये, म्हणजे संध्याकाळच्या शाळांमध्ये, मजुरांना हिंदी अक्षरं शिकवली आणि मतदारांची संख्या एकदम फुगली. १९५९ ला सगळ्या प्रौढांना मत मिळालं. आता आकडेमोड कुणालाही करता येत होती. निम्मे मतदार हिंदू, म्हणजे स्वातंत्र्य मिळालं की राज्य त्यांचं, ही भीती गोऱ्यांना होती, क्रिओलांना होती, चिन्यांना होती, बऱ्याच मुसलमानांनाही होती. १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी आघाडी जिंकली खरी, पण सुमारे ४४ टक्के मतं विरोधातल्या पक्षाला पडली. स्वातंत्र्याच्या तोंडावर, जानेवारी १९६८ मध्ये, पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान यांच्यात दंगल पेटली आणि ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं. १२ मार्च १९६८ ला झेंडा फडकला तो या तणावात. कित्येक कुटुंबं तेव्हा गाशा गुंडाळून ऑस्ट्रेलियाला गेली.

अल्पसंख्याकांची भीती कमी करायला जी युक्ती शोधली, तिचं नाव 'बेस्ट लूझर'. पडलेल्या उमेदवारांपैकी सर्वांत चांगली मतं मिळवलेल्यांना संसदेत घ्यायचं, अशी ती व्यवस्था.

मुळात निवडणूक अशी होते. मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकातून तीन खासदार. रॉड्रिग्ज बेटाचा एक मतदारसंघ, त्यातून दोन. झाले ६२. मतदाराला तीन मतं असतात आणि ती तिन्ही द्यावीच लागतात, कमी-जास्त फुल्या मारल्या तर मतपत्रिका बाद. लोक मतदारसंघांना नंबरांनी ओळखतात: 'नंबर पाच' म्हटलं की रामगुलाम घराणं, 'नंबर आठ' म्हणजे जगन्नाथ, 'नंबर एकोणीस' म्हणजे बेरांजे (पंतप्रधान झालेली ही मंडळी पुढे येतीलच). प्रत्येक पक्ष तीन उमेदवार निवडताना त्या भागातल्या जातीपातींचा आणि समुदायांचा हिशेब आधी मांडतो. आपल्याकडच्या तिकीटवाटपासारखंच, फक्त आकडे लहान.

मग येतात जास्तीत जास्त आठ जादा जागा. त्यांचा हिशेब एकदा करूनच बघू. १९७२ च्या खानेसुमारीनुसार हिंदू सुमारे ४ लाख २८ हजार, जनरल पॉप्युलेशन २ लाख ६१ हजार, मुस्लिम १ लाख ३७ हजार आणि चिनी २४ हजार. समजा (हे आकडे माझ्या मनचे आहेत) थेट निवडून आलेल्या ६२ जणांत ३६ हिंदू, १७ जनरल, ८ मुस्लिम आणि १ चिनी आहे. आता प्रत्येक समुदायाला आणखी एक जागा मिळाली असं धरून लोकसंख्येला भागायचं. हिंदूंसाठी ३७ नं भागलं तर एका जागेमागे साडेअकरा हजार माणसं येतात. जनरलसाठी १८ नं भागून साडेचौदा हजार. मुस्लिमांसाठी ९ नं भागून सव्वापंधरा हजार. चिन्यांसाठी २ नं भागून बारा हजार. सर्वांत मोठा आकडा मुस्लिमांचा, म्हणजे त्यांना सर्वांत कमी प्रतिनिधी मिळालेत. म्हणून पहिली जादा जागा पडलेल्या मुस्लिम उमेदवारांपैकी ज्याची मतांची टक्केवारी सर्वांत जास्त, त्याला. मग त्यांचे ९ झाले असं धरून पुन्हा हिशेब. आता मुस्लिमांचा आकडा १३,७०० वर येतो आणि दुसरी जागा जनरलला जाते. अशा पहिल्या चार जागा पक्ष न बघता द्यायच्या. त्यामुळे पक्षांचं बळ जनतेनं दिलेल्या कौलापेक्षा सरकलं असेल, तर उरलेल्या चार जागांनी ते सावरून घ्यायचं. हे सगळं काम निवडणूक पर्यवेक्षण आयोग करतो.

एकही चिनी निवडून आला नाही तर? २४ हजारांना १ नं भागायचं. आकडा इतका मोठा येतो की पहिली जागा सरळ चिनी उमेदवाराला. अर्थात कुणी चिनी उभा राहिला असेल तर.

मला स्वतःला हा हिशेब फार हुशारीचा वाटतो. राखीव मतदारसंघ नाहीत, वेगळ्या मतदारयाद्या नाहीत, सगळे सगळ्यांना मत देतात, आणि तरी कुणी अगदीच बाहेर राहत नाही. १९६८ नंतर मॉरिशसमध्ये निवडणुका होत राहिल्या, एकदा आणीबाणीत पुढे ढकलल्या गेल्या एवढंच, आणि सरकारं मतपेटीतूनच बदलली. आफ्रिकेतल्या फारच थोड्या देशांबद्दल असं म्हणता येतं. त्याचं सगळं श्रेय बेस्ट लूझरला देणं भोळेपणाचं होईल, पण थोडं द्यायला हवं.

या पद्धतीची दुसरी बाजू म्हणजे एकतर्फी निकाल. तीन-तीन जागांचे मतदारसंघ असल्यानं वारं एका बाजूला फिरलं की समोरचा पक्ष साफ होतो. १९८२, १९९५ आणि २०२४, तिन्ही वेळा विजयी आघाडीनं मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा घेतल्या. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये हरलेल्या सत्ताधारी आघाडीला चौथा हिस्सा तरी मतं होती, पण थेट जागा शून्य. पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ स्वतः नंबर आठमध्ये पडले. त्या आघाडीचे जे दोन जण संसदेत बसले ते बेस्ट लूझर म्हणून. जी व्यवस्था समुदायांसाठी केली होती, तिच्यामुळे विरोधी बाकावर निदान कुणीतरी आलं.

सरकारचा बाकीचा सांगाडा आपल्या ओळखीचा आहे. संसदेचं एकच सभागृह, मुदत पाच वर्षं. बहुमतवाल्या पक्षाचा नेता पंतप्रधान, खरी सत्ता त्याचीच. १२ मार्च १९९२ ला देश प्रजासत्ताक झाला, तेव्हा इंग्लंडच्या राणीच्या जागी राष्ट्रपती आला. त्याला संसद निवडते आणि त्याचं काम बहुतांशी सही-शिक्क्याचं. सभापती संसदेबाहेरचाही असू शकतो. कायमचं सैन्य नाही, लष्करी वळणाचं एक दल आहे पण तेही पोलीस आयुक्ताच्या हाताखाली. सर्वोच्च न्यायालय आहे, पण शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. स्वतंत्र होऊन अर्धशतक उलटलं तरी ही सोय त्यांनी मोडलेली नाही. एवढ्याशा देशात प्रत्येक जण प्रत्येकाच्या नात्यातला किंवा ओळखीतला निघतो, तेव्हा शेवटचा न्यायाधीश लांबचा असलेला बरा, असा त्यामागे विचार असतो.

आपल्या वाचकांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट. राज्यघटनेनुसार राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक मॉरिशसमध्ये दोन वर्षं राहिला की मतदार होऊ शकतो. म्हणजे भारतीय पासपोर्टवर तिथे नोकरी करणारा माणूसही.

स्वातंत्र्यापासून पंतप्रधान झाले पाचच: सर शिवसागर रामगुलाम, अनिरुद्ध जगन्नाथ, नवीन रामगुलाम, पॉल बेरांजे आणि प्रविंद जगन्नाथ. दोन बाप-लेकांच्या जोड्या आणि एक फ्रेंच वंशाचा नेता. बेरांजे २००३ ते २००५ या काळात पंतप्रधान होते, तेही आघाडीतल्या आधीच ठरलेल्या वाटणीनुसार. त्यांच्याखेरीज बिगर-हिंदू पंतप्रधान झालेला नाही. लोक कागदावर नसलेला हा नियम इतका गृहीत धरतात की आघाड्या जुळतात-मोडतात त्या बऱ्याचदा याच मुद्द्यावर.

रॉड्रिग्जची गोष्ट थोडी वेगळी. मुख्य बेटापासून साडेपाचशे किलोमीटरवर, जवळजवळ सगळे क्रिओल कॅथलिक. २००२ पासून तिथे स्वतंत्र प्रादेशिक विधानसभा आहे आणि स्थानिक कारभार ती बघते. चागोस द्वीपसमूह मात्र स्वातंत्र्याआधीच इंग्रजांनी तोडून घेतला आणि त्यातलं दिएगो गार्सिया बेट अमेरिकेच्या लष्करी तळासाठी दिलं. तिथले रहिवासी हाकलले गेले, त्यातले कित्येक पोर्ट लुईच्या झोपड्यांत येऊन पडले.

लोकसंख्येबद्दल आणखी एक मुद्दा, जो आता समुदायांच्या हिशेबाइतकाच सरकारला घाम फोडतो. पन्नासच्या दशकात हिवताप आटोक्यात आला आणि लोकसंख्या भराभर वाढू लागली. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड, ज्यांना पुढे नोबेल मिळालं, त्यांनी १९६१ मध्ये या देशाचं भवितव्य अंधारात असल्याचं लिहिलं. झालं उलटंच. कुटुंबनियोजन, मुलींचं शिक्षण, कापडगिरण्या आणि पर्यटन यांमुळे जन्मदर झपाट्यानं खाली आला. आज एका बाईमागे दीड मूलही नाही. गिरण्यांत आणि बांधकामावर बांगलादेश, भारत, नेपाळ आणि मादागास्करचे मजूर दिसतात. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला मिळत आलेली सरकारी पेन्शन हा तिथला जिव्हाळ्याचा विषय. २०२५ च्या अर्थसंकल्पात हे वय टप्प्याटप्प्यानं पासष्टवर नेण्याचं जाहीर झालं तेव्हा साठपैकी साठ जागा जिंकलेल्या सरकारविरुद्धही लोक रस्त्यावर उतरले.

आणि ते १९७२ चे आकडे? बेस्ट लूझरसाठी प्रत्येक उमेदवाराला अर्जावर आपला समुदाय लिहावा लागतो. खोटा लिहिला अशी शंका आली तर कोर्टात आव्हान देता येतं आणि न्यायाधीश त्याची 'जीवनपद्धती' तपासतात. एका डाव्या गटाच्या उमेदवारांनी सांगितलं, आम्ही मॉरिशियन आहोत, कप्पा लिहिणार नाही. अर्ज बाद झाले. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं. २०१२ मध्ये समितीनं म्हटलं की इतक्या जुन्या आकड्यांसाठी अशी सक्ती करणं मनमानी आहे. २०१४ च्या निवडणुकीपुरती सूट देणारा कायदा झाला, पण सूट त्या एका निवडणुकीपुरतीच. २०१९ ला न लिहिणाऱ्यांचे अर्ज पुन्हा बाद.

आकडे नव्यानं मोजायचे म्हटलं तर खानेसुमारीत समुदायाचा प्रश्न परत आणावा लागेल. लग्नांनी आणि धर्मांतरांनी कप्पे कधीचेच सरमिसळ झालेत, आणि नवे आकडे कुणाच्या बाजूनं येतील ही धास्ती सगळ्यांनाच आहे. पद्धतच रद्द करायची म्हटलं तर मुस्लिम आणि क्रिओल संघटना विचारतात, मग आम्हाला हमी कसली? २००२ मध्ये न्यायमूर्ती आल्बी सॅक्स यांच्या आयोगानं मतांच्या प्रमाणात काही जादा जागा द्याव्यात असं सुचवलं होतं. डिसेंबर २०१८ मध्ये सरकारनं सुधारणेचं विधेयक आणलं, पण घटनादुरुस्तीला लागणारं तीन-चतुर्थांश बहुमत जुळेना, आणि ते मतदानाला न टाकताच बाजूला ठेवलं गेलं. २०२४ च्या निकालानं ६६ जणांच्या सभागृहात एकाच आघाडीला ६० जागा दिल्या. बहुमताच्या आकड्यांची अडचण तेवढ्यापुरती मिटली.